शिक्रा: रानाचा की बांधाचा?

आमच्या केळीच्या बागेजवळच्या निंबावर शिक्रा रोज येऊन बसतो. सातपुड्यातलं रान तुटलं म्हणून हा खाली आला का? (रावेर)

नाही हो, हा छोटा शिकारी पक्षी पूर्वीपासून इथलाच. शिक्र्याला घनदाट अरण्य लागतच नाही. विरळ झाडं आणि मधे मोकळी जागा असली की झालं. बांधावरचा निंब, बाभळी, आमराई, तापीकाठची झाडी एवढ्यावर त्याचं भागतं. पंख आखूड नि गोलसर, शेपूट लांब, त्यामुळे फांद्यांमधून सहज वळतो. पानांआड मुकाट बसतो आणि खाली सरडा हलला की जमिनीलगत सुसाट येतो. नराचा डोळा लालभडक, मादीचा पिवळसर, आणि मादी अंगाने मोठी. सरडे, उंदीर, खारी, टोळ, लहान पक्षी, काहीही चालतं. पण घरटं उंच झाडावरच. त्यामुळे काळजी करायचीच तर बांधावरच्या जुन्या झाडांची करा.

हाच पक्षी परदेशातही आहे म्हणतात. खरं का? (शहादा)

खरं आहे. सहाराच्या दक्षिणेकडचा आफ्रिका, भारत, श्रीलंका, पुढे आग्नेय आशिया आणि दक्षिण चीन, एवढा त्याचा मुलूख. पण आफ्रिकेतही तो गवताळ माळ आणि विरळ झाडीतच राहतो. काँगोच्या गर्द वर्षावनात त्याचं काम नाही; तिथे लांबलचक शेपटीचा लाँग-टेल्ड हॉक असतो. आपल्याकडे दाट रान आवडणारा भाऊबंद म्हणजे तुरेवाला क्रेस्टेड गॉसहॉक. हिमालयाचा पायथा, सह्याद्रीची ओली जंगलं, तिथून थेट इंडोनेशिया-फिलिपिन्सपर्यंत तो सापडतो. गंमत म्हणजे तैवानमध्ये हाच गडी तैपेईच्या बागांमध्ये घरटी करतो. म्हणजे ‘दाट रानातला’ हा शिक्काही फार घट्ट मारू नये.

मे महिन्यात ‘पेर्ते व्हा’ ओरडणारा शिक्राच होता, मी स्वतः पाहिला. (धुळे)

तो पावशा. रंग, शेपटीवरचे पट्टे, उडण्याची ढब, सगळं शिक्र्यासारखं. लहान पक्षीसुद्धा फसून त्याच्या मागे लागतात. चोच बघा: शिक्र्याची आकडेदार, पावशाची जवळजवळ सरळ.

कोंबडीची पिल्लं उचलतो. पकडून पिंजऱ्यात ठेवला तर? (चोपडा)

अजिबात नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. पिल्लं जरा मोठी होईस्तोवर डालग्याखाली ठेवा, किंवा वर जाळी टाका.