पॅलेट किती घ्यावेत : हिशेब फेऱ्याच्या दिवसांचा

रबाळ्याच्या कारखान्यातून कामाच्या दिवशी ६०० खोकी भिवंडीच्या गोदामात जातात आणि महिन्याला वीस फुटी दोन कंटेनर न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातात, तर किती पॅलेट (माल रचून फोर्कलिफ्टने उचलण्यासाठीची सपाट चौकट) विकत घ्यावेत, असे आपण विचारले आहे. खोक्याचे माप ४०० × ३०० × २५० मि.मी. आणि वजन १२ किलो असल्याचे आपण कळवल्यामुळे नेमके उत्तर देता येते.

१२०० × १००० मि.मी.च्या पॅलेटवर सगळी खोकी एकाच दिशेने लावली, तर एका थरात फार तर नऊ बसतात. मात्र चार खोक्यांची एक ओळ आणि तिच्याशी काटकोनात वळवलेल्या तीन-तीन खोक्यांच्या दोन ओळी लावल्यास दहा बसतात आणि काठाला जागा उरत नाही. पाच थरांत ५० खोकी, म्हणजे ६०० किलो होतात. तळाच्या खोक्यावर ४८ किलो भार येतो. पावसाळ्यातील दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो, तेव्हा खोके तो भार पेलते का, हे जुलैमध्येच तपासावे.

अशा रीतीने रोज १२ पॅलेट भरतील. पण खरेदीचा आकडा यावरून ठरत नाही. भरलेला पॅलेट रिकामा होऊन पुन्हा आपल्या हाती येईपर्यंत कामाचे किती दिवस जातात, हे मोजले पाहिजे. समजा, कारखान्यात दोन, वाहतुकीत एक, गोदामात नऊ आणि परतीला तीन असे पंधरा दिवस लागतात, तर १८० पॅलेट कायम अडकलेले राहतील. मोडतोडीसाठी दहा टक्के धरून सुमारे २०० घ्यावेत. परतीला आणखी तीन दिवस लागले, तर तेवढ्यानेच ३६ पॅलेट वाढतात. त्यामुळे नवे पॅलेट घेण्याआधी, माल उतरवून मोकळा परतणारा ट्रक रिकामे पॅलेट घेऊनच निघेल, अशी व्यवस्था गोदामवाल्यांशी बोलून पक्की करावी, असे माझे ठाम मत आहे. दिवाळीपूर्वी साठा वाढतो; त्या काही आठवड्यांपुरते पॅलेट भाड्याने घेणे पुरेसे ठरते.

निर्यातीचे पॅलेट या हिशेबात मिसळू नयेत, कारण ते सहसा परत येत नाहीत. वीस फुटी कंटेनरच्या जमिनीवर या मापाचे दहा पॅलेट मावतात, म्हणजे महिन्याला वीस लागतील. चार-चार थरांचे दोन पॅलेट एकावर एक ठेवले, तर रिकाम्या पॅलेटची उंची १५० मि.मी. धरून एकूण उंची २.३ मीटर होते आणि दाराची उंची साधारण २.२८ मीटर असल्याने ते आत जात नाहीत; खाली चार व वर तीन थर ठेवल्यास जातात, पण मग महिन्याला चाळीस पॅलेट खर्ची पडतात. लाकडी पॅलेट निर्यातीसाठी घेताना गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे उष्णता दिल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का प्रत्येक पॅलेटवर आहे का, हे माल भरण्यापूर्वी पाहावे. प्लास्टिकच्या पॅलेटना ही अट लागू नाही.