तुमचे प्रश्न, आमची उत्तरे : घरचं चित्रण डिस्कवर

प्रश्न : मोबाइलमधल्या एमपी-फोर फाइल डीव्हीडीवर बर्न केल्या. संगणकावर चालतात, पण टीव्हीला जोडलेला प्लेयर डिस्क घेतच नाही. डिस्क खराब आहे का?

डिस्क बहुधा ठणठणीत आहे. तुम्ही तयार केली ती 'डेटा डिस्क', म्हणजे फाइलींची नुसती साठवण. साध्या प्लेयरला लागते ती डीव्हीडी-व्हिडिओ. तिच्यात 'व्हिडिओ_टीएस' नावाचं फोल्डर असतं आणि त्यात आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी अशा तीनच प्रकारच्या फाइल. चित्र एमपेग-२ या पद्धतीने दाबून साठवलेलं, आकार पाल या टीव्ही पद्धतीत (सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ स्थिर चित्रं) ७२० बाय ५७६ ठिपके आणि एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीत (सेकंदाला सुमारे ३०) ७२० बाय ४८०. आवाज ४८ किलोहर्ट्झचाच. फाइलचं नाव बदलून यातलं काही होत नाही, रूपांतर करावंच लागतं.

डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे. नवा प्रकल्प उघडताना ते डिस्कचा आकार, पाल की एनटीएससी आणि ४:३ की १६:९ हे विचारतं. तिथे घाई नको. मोबाइलचं चित्रण सेकंदाला ३० फ्रेमचं असेल आणि तुमचा प्लेयर दोन्ही पद्धती चालवत असेल, तर एनटीएससी घ्या. पाल घेतलं तर दर सहा फ्रेममागे एक गळते आणि कॅमेरा फिरवलेल्या जागी चित्र अडखळतं. थेट बर्न न करता आधी आयएसओ इमेज (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) बनवा, ती व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयर सॉफ्टवेअरमध्ये उघडून मेनूची सगळी बटणं दाबून पाहा आणि मगच कोरी डिस्क घाला. वेग ४ किंवा ८ एक्स ठेवा, शेवटी 'व्हेरिफाय' (लिहिलेलं बरोबर उतरलं का याची तपासणी) करा. डिस्क फाइनलाइज करायची, म्हणजे लिहून झाल्यावर बंद करायची राहिली, तर त्यामुळेही प्लेयर ती ओळखत नाही.

आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडत गेला, तर दोष मोबाइलच्या बदलत्या फ्रेमरेटचा (सेकंदाला किती फ्रेम, त्याचा). हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल आधी सरळ करून घ्या.

प्रश्न : तीन तासांचा समारंभ एका डिस्कवर बसेल का?

बसेल, पण बघवणार नाही. डिस्कवरचे ४.७ जीबी म्हणजे ४.७ अब्ज बाइट (विंडोज तेच ४.३७ दाखवतं, जागा कुठे गेली म्हणून शोधू नका). कडेच्या भागात वाचनदोष जास्त येतात, म्हणून ४.५ अब्जच धरा. म्हणजे ३६ अब्ज बिट. तीन तासांचे १०,८०० सेकंद. भागाकार सेकंदाला सुमारे ३,३०० किलोबिट. आवाजाचे २०० वजा केले की चित्राला उरतात ३,१००. बसून केलेल्या भाषणाला तेवढे चालून जातात. नाच, उडणारं पाणी, हातात धरून हलणारा कॅमेरा आला की पडद्यावर चौकोन दिसू लागतात. दोन तासांना हाच हिशेब ४,८०० वर येतो, ते ठीक. एका तासाला ८,००० ठेवा. डीव्हीडीची कमाल मर्यादा ९,८०० आहे, पण तिथवर ताणलं की काही प्लेयर बर्न केलेल्या डिस्कवर अडखळतात.

दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क हाही पर्याय आहे, पण जुने प्लेयर ती वाचताना कुरकुरतात. आम्ही दोन साध्या डिस्क करू.

प्रश्न : जुन्या मिनीडीव्ही टेपवरून केलेल्या डिस्कमध्ये माणसं चालू लागली की चित्र थरथरतं. उभी असली की स्वच्छ दिसतात.

हे फील्ड उलटे पडल्याचं लक्षण. टेपवरची प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये असते आणि मिनीडीव्हीत खालचं फील्ड आधी येतं. एन्कोडरला (रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला) 'टॉप फर्स्ट', म्हणजे वरचं आधी, असं सांगितलं, की नंतरचा क्षण आधी दिसतो आणि चालणारा माणूस पुढे-मागे थरथरतो. 'बॉटम फील्ड फर्स्ट' निवडून पुन्हा एन्कोड करा. 'डीइंटरलेस' करून (दोन फील्ड एकत्र करून) टाकण्याचा मोह टाळा. ते काम टीव्हीला करू द्या.

व्हीएचएसवरून कॅप्चर केलेलं असेल, तर क्रम कॅप्चर उपकरणावर ठरतो. तेव्हा हालचाल असलेला २० सेकंदांचा तुकडा दोन्ही क्रमांनी आरडब्ल्यू (पुसून पुन्हा वापरता येणाऱ्या) डिस्कवर टाकून टीव्हीवरच तपासा. संगणकाच्या पडद्यावर हा दोष अनेकदा लपतो.

प्रश्न : डिस्कवर छापील स्टिकर लावावा का?

नको. जरासा वाकडा बसला तरी डिस्कचा तोल जातो, आणि कडा सुटली तर तो प्लेयरमध्ये अडकतो. पाण्याच्या शाईच्या मार्करने मधल्या भोकाजवळ लिहा.