फ्रान्समध्ये गावापासून चालत जाता येईल असं शांत, कुटुंबासाठी योग्य कॅम्पिंग कसं निवडावं?

लहान मुलं सोबत असतील तर माझं पहिलं उत्तर आंब्वाज हे गाव. ल्वार नदीतल्या ‘ईल दोर’ बेटावर, किल्ल्याच्या अगदी समोर कॅम्पिंग आहे. पूल ओलांडला की गाव. किल्ल्यातल्या छोट्या चॅपेलमध्ये लिओनार्दो दा विंचीची समाधी आहे आणि १५१९मध्ये तो जिथे वारला ते ‘क्लो ल्युसे’ नावाचं घर तिथून अर्ध्या किलोमीटरवर. रेल्वे स्टेशन उत्तर काठावर आहे, त्यामुळे गाडी नसली तरी अडत नाही. मुलांना मात्र ल्वारमध्ये उतरू देऊ नका. पाणी संथ दिसतं, पण वाळू सरकते आणि ओढ फार असते.

दुसरं गाव निवडणार असाल तर कॅम्पिंगला दिलेल्या दर्जाच्या ताऱ्यांना भुलू नका. तारे सोयींचे असतात, शांततेचे नव्हेत. चार-पाच तारे म्हणजे बहुधा घसरगुंड्यांचे तलाव आणि रात्रीची गाणी. माहितीत ‘आनिमासियों’ (म्हणजे करमणुकीचे कार्यक्रम) हा शब्द दिसला की समजून जा. ‘म्युनिसिपाल’ लिहिलेली, नगरपालिकेची कॅम्पिंग सहसा साधी, स्वस्त आणि गावालगत असतात. नकाशावर रेल्वेमार्ग आणि मोठा रस्ता किती जवळ आहे ते बघाच, तंबूच्या कापडातून सगळं ऐकू येतं. गावाच्या वाटेवर फुटपाथ आहे का तेही बघा.

आणि जमलं तर १४ जुलै ते १५ ऑगस्ट टाळा. तेव्हा अख्खा फ्रान्स सुट्टीवर असतो. मुलांच्या शाळेमुळे शक्य नसेल, तर जागा आधीच राखून ठेवा आणि स्वच्छतागृहापासून थोडी लांबची मागा.