खरेदीखत कुठे आहे?

प्रिय मित्रा,

परवा रात्री पावणेदोनला तुझा मेसेज आला. "ताई, अकाउंट लॉक झालंय. माझे एकोणचाळीस गेम आहेत त्यात. ते आधार कार्ड मागतायत आणि कार्ड हातात धरलेला सेल्फी. देऊ का, की सोडून देऊन क्रॅक केलेल्या फुकट कॉपी उतरवू?" सकाळी उत्तर दिलं नाही, कारण त्यातला 'माझे' हा शब्द मला दिवसभर टोचत होता. खरेदीखत कुठे आहे त्यांचं?

चिडू नकोस. स्टायपेंडमधून दर सेलला तीनशे-चारशे रुपये बाजूला काढून तू ते जमवलेस, मला माहीत आहे. पण भाड्याने राहणारा माणूस लिव्ह अँड लायसन्सच्या कागदाला खरेदीखत म्हणतो का? तिथे अकरा महिन्यांची मुदत दोघांनाही ठाऊक असते आणि घर खाली करायला सांगण्याआधी नोटीस द्यावी लागते. तुझ्या 'बाय' बटणामागेही लायसन्सच आहे. त्यात मुदत लिहिलेली नाही एवढंच. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असं बटण लावायचं तर 'हे फक्त लायसन्स आहे' असं ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडे तोवर तूच विचारायचं.

डिस्क म्हणजे खरेदीखत, असं मीही बरीच वर्षं धरून चालले होते. 'द क्रू' या युबिसॉफ्टच्या रेसिंग गेमने तो समज मोडला. २०१४ साली आलेला गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद. एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा, त्यामुळे ज्यांच्या कपाटात डिस्क होती तेसुद्धा बाहेर पडले. त्यावरून यूट्यूबर रॉस स्कॉटने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. लोक फुकट काही मागत नव्हते. बंद करताना गेम चालता राहील असं काहीतरी करून जा, एवढंच म्हणत होते.

आता मी घरी एकच परीक्षा घेते. राउटरचा प्लग काढायचा, गेम नव्याने इन्स्टॉल करायचा आणि सुरू होतो का ते बघायचं. जीओजीसारख्या दुकानातून इन्स्टॉलर उतरवून घेता येतो, तो या परीक्षेत पास होतो. माझ्या हार्ड डिस्कवर असे एकोणीस गेम आहेत. चिकटपट्टीवर तारीख लिहून ती स्टीलच्या डब्यात ठेवली आहे. या हट्टापायी मैत्रिणींबरोबर खेळणं सुटलं. तुझ्या वयाला ते परवडणार नाही, आणि मी तुला ते सोड म्हणतही नाही. ऑनलाइन खेळ, पैसेही दे, पण भाडं म्हणून दे. खरेदी म्हणून देऊ नकोस.

मी हे इतक्या रागाने का लिहिते आहे, ते तुला कधी सांगितलेलं नाही. हिंजवडीत तीन वर्षं नाइट शिफ्टला मी अशाच एका कंपनीच्या सपोर्टला होते. एका गृहस्थांचं खातं बंद झालं होतं. मुलाच्या आजारपणात दोघं मिळून जो गेम खेळले, त्यातली प्रगती तेवढी परत द्या, असं त्यांनी लिहिलं होतं. मी 'हा निर्णय अंतिम आहे' हा तयार मजकूर चिकटवला आणि तिकीट, म्हणजे त्यांची तक्रार, बंद केलं. सहा मिनिटांत एक तिकीट, असा हिशोब होता. घरी बाबांचं डायलिसिस सुरू होतं, नोकरी जाऊन चालणार नव्हतं. दुसरी कुणी असती तरी तिने हेच केलं असतं, असं मी अजूनही स्वतःला सांगते. पण स्क्रीनवर उजवीकडे वरिष्ठांकडे पाठवायचं बटण होतं. मी ते दाबलं नाही.

म्हणून सांगते, पहिलं उत्तर म्हणजे कंपनीचा निर्णय असं समजू नकोस. ते माझ्यासारख्या कुणीतरी चिकटवलेलं असतं.

क्रॅकचं विसर. त्यातून खरेदीखत मिळत नाही, आणि आत काय भरलेलं असेल ते कुणी सांगू शकत नाही.

आधारचं म्हणशील, तर आत्ता काहीही पाठवू नकोस. कशासाठी हवं, किती दिवस ठेवणार, दुसरा पुरावा चालेल का, हे आधी लेखी विचार. नाइलाजच झाला तर मास्क्ड आधार, म्हणजे फक्त शेवटचे चार अंक दिसणारं. सेल्फी नाही. एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये हॅकर घुसले, तेव्हा सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली होती. लोकांनी पासवर्ड बदलले. चेहरा कसा बदलशील?

पैसे दिल्याचे एकोणचाळीस ईमेल एका फोल्डरमध्ये काढून ठेव. मग १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदव. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यामुळे तू राहतोस त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्यांनी तुला 'बाय' म्हणून विकलं ना? मग तोच शब्द त्यांच्यापुढे ठेव आणि खरेदीखत माग.

कंपनीला जाणारा मेल आधी मला पाठव. त्यात 'नम्र विनंती' दिसली तर मी खोडणार आहे.

तुझी,
ताई