मिनी 2 ला दुसऱ्या ड्रोनचे प्रोपेलर चालतील का?

प्रश्न: मी अहमदपूरजवळच्या गावात लग्नाचं शूटिंग करतो, डीजेआय मिनी 2 आहे. मागच्या महिन्यात हळदीला लिंबाच्या फांदीला लागून ड्रोन खाली आला अन् एक पातं तुटलं. बाजारातनं एक सुटं पातं आणून बसवलं, ड्रोन उडायलाय पण व्हिडिओ थरथरायलाय. मित्राकडे एअर 2 एसची नवी पाती पडून हायेत, ती थोडी कापून बसतील का? पुढच्या आठवड्यात दोन लग्नं हायेत.

उत्तर: कापू नका भाऊ, अजिबात नको. मिनी 2 चे प्रोपेलर 4726 नंबरचे असतात, म्हणजे व्यास 4.7 इंच आणि पिच 2.6 इंच, पिच म्हणजे एका फेरीत पातं हवेत किती पुढं सरकेल ते माप. एअर 2 एसचे 7238, म्हणजे 7.2 इंची, ते मोठ्या मोटरसाठी बनवलेत. कापून लांबी कमी केली तरी पिच तोच राहतो, वजनाचा तोल बिघडतो, मोटरवर लोड येतो, ती तापते आणि बॅटरी भराभर उतरते. नुसता नंबर जुळून पण भागत नाही, पाकिटावर तुमच्या मॉडेलचं नाव पाहिजेच.

आता थरथरीचं. एका मोटरवर दोन पाती असतात, त्यातलं एक जुनं घासलेलं अन् एक नवं, मग तोल कसा राहणार, म्हणून त्या मोटरची दोन्ही पाती एकदम बदला, स्क्रूसकट, जुने स्क्रू परत लावले की ढिले होतात. स्क्रू बसल्यावर पातं बोटानं सहज हललं पाहिजे, जाम नको. आणि खूण बघा, खुणेची पाती ड्रोनच्या खुणेच्या हातावर (मोटर ज्यावर बसते तो दांडा) अन् बिनखुणेची बिनखुणेच्या हातावर, उलटी बसली तर पातं हवा वर ढकलतं आणि ड्रोन उडताना तिथंच पालथा पडतो.

फांदीला लागलाय म्हणताय तर बाकीची पाती पण तपासा. नख कडेवरनं फिरवा, कुठं अडकतंय का बघा, आणि बुडाशी, स्क्रूजवळ, पातं किंचित वाकवल्यावर पांढरी रेघ दिसली तर ते आतून तडकलंय, फेकून द्या, मांडवात खाली लेकरं बसलेली असतात. 2022 च्या फेब्रुवारीपासून परदेशी ड्रोन आणायला बंदी हाय पण सुट्या भागांना नाही, त्यामुळं तुम्हाला पाती मिळतील, थोडं हुडकावं लागंल. गार्ड, म्हणजे पात्यांभोवतीचं कडं, लावायचा विचार असेल तर आधी वजन करा, मिनी 2 स्वतःच 249 ग्रॅम हाय आणि 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतच नॅनो, म्हणजे सगळ्यात लहान गट, धरतात, गार्डानं वजन त्याच्यावर जाईल.

नवी पाती बसवायच्या आधी मोटर हातानं फिरवा. वाळूसारखी करकर आली, किंवा अक्षतांचा दाणा, हाराचा दोरा अडकलेला दिसला तर आधी साफ करा. मग सकाळी ऊन वाढायच्या आत मोकळ्या रानात माणसाच्या उंचीवर दोन-तीन मिनिटं एका जागी उभा ठेवा, खाली उतरवून चारी मोटरींना बोट लावून बघा. एकच जास्त तापली असंल किंवा करकर जात नसंल तर मोटरच बिघडलीय, पाती कितीबी बदला थरथर जायची नाही, मग पार्टीला आजच फोन करून सांगा अन् त्या दोन लग्नांना दुसरा ड्रोनवाला ठरवून द्या.