शेवाळ फवारून शेतजमिनीवर जिवंत थर तयार करता येतो का? त्यात खरंच कार्बन साठतो का?

तुमचा प्रश्न असा आहे : एका कंपनीचा माणूस शेवाळाचं द्रावण फवारायला सांगतोय. जमिनीवर जिवंत थर धरेल, त्यात कार्बन साठेल आणि त्याचे कार्बन क्रेडिट (साठवलेल्या कार्बनची विकता येणारी प्रमाणपत्रं) विकता येतील, असं त्याचं म्हणणं. तुमचं तीन एकर काळं रान सोयाबीन-हरभऱ्याखाली आहे आणि दोन एकर हलक्या मुरमाड जमिनीत सीताफळ.

सोयाबीन-हरभऱ्याच्या रानात यावर एक रुपयाही घालू नका. सीताफळाच्या बागेत मात्र करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यासाठी बाटली विकत घ्यावी लागत नाही. मी माती तपासणीच्या कामात आहे आणि या थराबद्दल मला मनापासून आस्था आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थर ओळखा. पावसाने माती चोपली जाऊन वर ऊन पडलं की जो पोपडा धरतो, ज्याखाली बाजरीचा कोंब अडकतो, तो हा नव्हे. बागेच्या बांधावरून, जिथे पाय आणि औजार लागत नाही तिथून, नखाएवढा तुकडा अलगद उचला. साधा पोपडा कट्‌कन तुटतो. जिवंत थर वाकवला तर मोडलेल्या कडेला मातीचे कण बारीक तंतूंना लोंबकळताना दिसतात. भिंग असेल तर फारच सुंदर दिसतं. हे तंतू म्हणजे निळं-हिरवं शेवाळ. ते चिकट आवरण सोडतं आणि त्यातच मातीचे कण जखडले जातात. तुकड्यावर चार थेंब पाणी टाका; काळपट दिसणारा भाग थोड्या वेळात हिरवा होऊ लागतो. पावसाळ्यात मुरमावर, कातळावर जी काळी कागदासारखी पापुद्री भिजून बुळबुळीत फुगते, ती नॉस्टॉक, याच कुळातली. ती हवेतला नत्रही धरते. पुढे थर जुना होत गेला की त्यात मॉस आणि दगडफुलं येतात.

आता कार्बनचा हिशोब. कंपन्या सांगतात तो मोठा आकडा खोटा नाही. जगभरची शेवाळं, मॉस, दगडफुलं मिळून वर्षाला सुमारे ३.९ अब्ज टन कार्बन हवेतून घेतात, असा २०१२ सालचा अंदाज आहे. पण त्यात झाडांच्या सालीवरचे आणि खडकांवरचेही थर धरलेले आहेत. शिवाय घेतलेल्यातला बराच कार्बन श्वसनातून आणि कुजण्यातून परत हवेत जातो. घेणं वेगळं, साठणं वेगळं.

तुमच्या एका एकराचं बघू. वरची ५ मिलिमीटर माती म्हणजे साधारण २६ टन. तिचा सेंद्रिय कर्ब (म्हणजे मातीतल्या सेंद्रिय पदार्थांतला कार्बन) ०.५ टक्क्यावरून १.५ वर गेला, म्हणजे थर उत्तम धरला असं समजा, तरी वाढ होते २६० किलो कार्बनची. तीही एकदाच, दरवर्षी नाही. उलट वरच्या ३० सेंटीमीटरमध्ये कर्ब नुसता ०.१ टक्क्याने वाढला तर एकरी दीड टनाच्या वर कार्बन बसतो. सहापट! तो मुळांमुळे, काडीकचऱ्यामुळे आणि शेणखतामुळे वाढतो.

मग थराचा उपयोग काय? राखणीचा. हलक्या जमिनीत सगळ्यात कसदार माती वरच्या बोटभर थरात असते आणि वळवाच्या पहिल्या सरीत तीच वाहून जाते. जिवंत थर ती धरून ठेवतो. चीनमध्ये टेंगर वाळवंटाच्या कडेला शापोतोऊ इथे रेल्वेमार्ग वाळूखाली जाऊ नये म्हणून १९५६ पासून गव्हाच्या काडाचे मीटर-मीटरचे चौकोन वाळूत रोवले. वाळू थांबली, झुडपं तगली आणि मग तिच्यावर हा थर आपोआप धरला. क्रम लक्षात घ्या : आधी जमीन स्थिर, मग थर. आपल्याकडेही बनारस हिंदू विद्यापीठाचे आर. एन. सिंह यांनी १९५० च्या सुमारास उत्तर प्रदेशातल्या खारवट, उसर जमिनींना बांध घालून पावसाचं पाणी थोपवलं, शेवाळ वाढू दिलं आणि त्या जमिनी सुधारून दाखवल्या. हे काम आपल्याकडे विसरलं गेलंय याचं मला फार वाईट वाटतं.

काळ्या रानात हे जमत नाही, कारण नांगरट, वखरणी, कोळपणी यांत थर पुन्हा पुन्हा फुटतो. औजार नाही लावलं तरी काळी माती उन्हाळ्यात स्वतःच भेगाळते. तिथे विना-नांगरणीकडे वळा. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या एसआरटी पद्धतीत गादीवाफे कायम ठेवतात आणि पिकाची मुळं जमिनीतच कुजू देतात. कार्बन वाढतो तो असा.

सीताफळाच्या बागेत दोन ओळींमधला पट्टा रोटाव्हेटरखाली घालणं बंद करा. गवत ब्रश कटरने कापा आणि झाडाच्या आळ्यात पसरा. सगळीकडे जाड आच्छादन घालू नका. उजेड नसेल तर शेवाळ जगत नाही. जाण्यायेण्याची वाट एकच ठेवा, शेळ्या आत सोडू नका. अमेरिकेतल्या युटामध्ये या थरावर पाऊल टाकू नका अशा पाट्या लावलेल्या असतात, कारण तिथल्या कोरड्या हवेत तुटलेला थर भरून यायला वर्षं, कधी दशकं जातात. आपल्याकडे पावसामुळे शेवाळाची पहिली लव लवकर येते, पण तुडवली की तीही जाते. आणि बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) खोडाला लावा, उरलेलं जमिनीवर ओतू नका. पाण्यातलं शेवाळ मारायला मोरचूदच वापरतात. बीज म्हणून काही हवंच असेल, तर पावसाळ्यात स्वतःच्या बांधावरचे पसाभर तुकडे चुरून ओल्या पट्ट्यात टाका. तुमच्या हवेला ते आधीच सरावलेले आहेत.

त्या माणसाशी बोलायचंच असेल तर विचारा की फवारणीआधी मातीचे नमुने कोण घेणार, किती खोलीचे घेणार (३० सेंटीमीटरपेक्षा कमी मान्य करू नका), तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत होणार आणि करार किती वर्षं तुमची जमीन बांधून ठेवणार. हे कागदावर लिहून मिळेपर्यंत सही करू नका आणि आगाऊ पैसे देऊ नका.