उत्पादन बंद झालेला आयसी ब्रोकरकडून घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत छोटं इलेक्ट्रॉनिक्स युनिट आहे, हवाई पूर्वसूचना देणाऱ्या विमानाच्या रडार कार्डांसाठी उत्पादन बंद झालेल्या आयसींची (म्हणजे चिपची) मागणी आलीय, आणि एक ब्रोकर ते स्वस्तात देतोय. घ्यावेत का?

मूळ उत्पादक किंवा त्याच्या अधिकृत वितरकापर्यंत पोचणारी कागदांची साखळी तो दाखवू शकत नसेल, तर माझं उत्तर 'नको' असं आहे. असे आयसी बहुतेकदा भंगारातल्या कार्डांवरून उकलून काढलेले, घासलेले आणि नव्याने छापलेले असतात. २०१२ च्या अमेरिकन सिनेट समितीच्या अहवालात बनावट असल्याचा संशय असलेल्या भागांची सुमारे १,८०० प्रकरणं आहेत. त्यातलं एक अमेरिकी नौदलाच्या पी-८ए विमानाचं: बर्फ ओळखणाऱ्या मॉड्यूलमधला जुनाच आयसी नवा म्हणून बसवला होता. तो सॉकेटमधून निसटला आणि आत खडखडत राहिला.

सगळ्यात सोपी लबाडी म्हणजे ७४ मालिकेच्या चिपवर ५४ छापणं. ५४ ही उणे ५५ ते १२५ अंश सेल्सियससाठी, साधी ७४ शून्य ते ७० साठी. तुमच्या टेबलावर २८ अंशांत दोन्ही अगदी सारख्या चालतात. फरक कळतो तो उंचावरच्या थंडीत. म्हणून ब्रोकरच्या 'आम्ही टेस्ट केलंय' याला अर्थ नाही. थंड, सामान्य आणि गरम अशा तिन्ही तापमानांचे आकडे मागा.

माल हातात आला की दहापट भिंगाखाली वरची आणि खालची बाजू ताडून बघा. घासून रंग दिला असेल तर पोत वेगळा दिसतो आणि पहिल्या पिनेची खूण असलेला खळगा अर्धा बुजलेला असतो. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरवला आणि काळा झाला तर माल परत. काळा झाला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, हल्लीचे लेप ॲसिटोनला दाद देत नाहीत. मग एक्स-रे घ्यायचा, आणि दोन-तीन नगांचा बळी देऊन डायवरचं, म्हणजे आतल्या सिलिकॉनच्या तुकड्यावरचं, चिन्ह वाचायचं. डेट कोड (आयसीवर छापलेली उत्पादनाची तारीख) उत्पादन बंद झाल्यानंतरचा असेल तर पुढे काही तपासायचीच गरज नाही, माल सरळ परत. पायांवरचा मुलामा एक्स-रे फ्लुरोसन्सने (कुठला धातू किती, हे सांगणाऱ्या चाचणीने) तपासा: शुद्ध कथिल असेल तर त्यातून केसासारखे धातूचे तंतू उगवून शॉर्ट होतो. निदान ३ टक्के शिसं हवं.

आता आपल्याकडचा पावसाळा. प्लास्टिक आयसी पापडासारखे सादळतात. एमएसएल ३ दर्जाचा (एमएसएल म्हणजे ओलाव्याला किती नाजूक त्याची श्रेणी) भाग सीलबंद पिशवीबाहेर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत १६८ तास टिकतो. जुलैत वेर्ण्यात ६० टक्के कुठून आणणार? सादळलेला आयसी सोल्डरिंगच्या उष्णतेत आतून लाहीसारखा फुटतो, आणि ती चीर बाहेरून दिसत नाही. पिशवीतलं आर्द्रता कार्ड रंग बदललेलं असेल तर आधी बेकिंग करा, म्हणजे भट्टीत तापवून सुकवा, साधारणपणे १२५ अंशांवर. प्लास्टिक रीलवरचा माल मात्र इतका तापवू नका, रील वितळेल. तो ४० अंशांवर, कोरड्या कपाटात, भागाच्या जाडीनुसार काही दिवस ते कित्येक आठवडे. सिरॅमिक आयसीला ही कटकट नाही, पण खाऱ्या हवेने पाय काळवंडतात आणि सोल्डर धरत नाही.

'समतुल्य' भाग स्वतःच्या मनाने सुचवू नका. जुन्या एलएस मालिकेच्या चिपच्या जागी एसी मालिकेची चिप पिनांनी जुळते, पण तिच्या सिग्नलच्या कडा इतक्या वेगवान की जुन्या कार्डावर रिंगिंग (सिग्नलचं थरथरणं) होऊन खोटे पल्स तयार होतात. बदल हवाच असेल तर ग्राहकाला लेखी कळवा; लष्करी विमानात त्याला सेमिलॅकची (लष्करी विमानांना उड्डाणयोग्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता लागते आणि तपासणी डीजीएक्यूएकडे (विमानविषयक गुणवत्ता तपासणाऱ्या संरक्षण खात्याच्या संचालनालयाकडे) असते.

दर देताना एक्स-रे, तीन तापमानांच्या चाचण्या आणि बळी जाणारे नग वेगळ्या ओळींत लिहा. नाहीतर ब्रोकरचा माल स्वस्त, असं ग्राहकच तुम्हाला ऐकवेल.